कटुंगे सिस्टरचा निवांतपणा

सिस्टर कटुंगे माणसांना निवांत व्हायला शिकवते, आणि शिकवताना इतकी खेकसते की नव्या पोरींना घाम फुटतो. "खांदे खाली! खाली म्हणजे खाली, कानाला कशाला चिकटवलेत?" "जबडा सोड. तुला कुणी चावायला सांगितलंय?" इस्पितळामागच्या आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आयसीयूची ड्युटी संपलेल्या नर्सांना बसवायचं, चपला काढायला लावायच्या, असा तिचा वर्ग. सुरुवात दर वेळी एकच. हात दाखवा. दोन्ही. रिकामे आहेत ना? मोबाइल ठेव तो. पेनही ठेव. हातात काही असताना हे करायचं नाही. एखादी धीट पोरगी विचारतेच, "पण सिस्टर, पुस्तकात तर लिहिलंय कुठेही करा, कधीही करा." त्यावर कटुंगे असे डोळे वटारते की पुढचा प्रश्न घशातच राहतो.

पोरींना वाटतं, बाईचा स्वभावच तिरसट. आहेच तो तिरसट, खोटं कशाला बोला. पण त्या वटारण्यामागे कविन्या आहे, हे त्या पोरींना ठाऊक नाही.

केनियातल्या किटुईपासून बरंच आत, वाळूच्या नदीपलीकडे, हे मिशनचं इस्पितळ. तिथे चार खाटांची आयसीयू झाली तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डातून उचलून पहिली तिथे नेली ती कटुंगेला. का, तर तिचा हात हलका, डोकं जागेवर, आणि घरी फारसं कुणी नाही. नवरा मोंबासाच्या रस्त्यावर लॉरी चालवतो, महिन्यातून एकदा उगवतो. दोन्ही मुली बोर्डिंगात. म्हणजे जादा ड्युटी टाकायला सोन्यासारखी बाई! टाकलीच मग सगळ्यांनी. आणि तिनेही कधी नाही म्हटलं नाही, हाही तिचाच मूर्खपणा.

चार खाटा आणि त्यांची यंत्रं. प्रत्येक यंत्राला वेगळा गळा. एक टूं टूं करतं, एक किंचाळतं, एक नुसतं कण्हतं. सुरुवातीला कटुंगे प्रत्येक आवाजाला धावायची. मग कळलं की दहातले नऊ आवाज फुकटचे असतात. पेशंटने हात हलवला, क्लिप सुटली, झालं. पण दहावा कुठला हे कसं कळणार? म्हणून दहाहीला धावायचंच. असं काही वर्षं धावल्यावर ती घरी गेली तरी आत कुणीतरी धावतच राहिलं. कोंबडीची पिल्लं चिवचिवली तरी हिच्या छातीत धस्स. एकदा दुपारची आडवी झाली होती, नवरा दारात लॉरी मागे घेत होता, लॉरी टूं टूं करायला लागली, आणि ही ताडकन उठून उशीची छाती दाबायला लागली. नवरा ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायचा. तिला हसू यायचं नाही. झोपेत दात आवळून आवळून तिची एक दाढ तडकली होती.

माणसांची चीड यायला लागली, तेव्हा मात्र ती स्वतःलाच घाबरली. एक म्हातारी, नातवाचं विचारायला काचेपाशी यायची. तोच प्रश्न, पुन्हा तोच. कटुंगे एकदा तिच्या अंगावर अशी ओरडली की म्हातारीच्या हातातला पेजेचा थर्मास पडून फुटला. म्हातारी खाली बसून काचा वेचायला लागली, आणि वेचता वेचता "चुकलं माझं, सिस्टर" म्हणाली. कटुंगे औषधाच्या खोलीत जाऊन बसली. तिला रडूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने इनचार्ज सिस्टर म्बाइकाला सांगितलं, "मला इथून काढा."

"काढते," म्बाइका म्हणाली. म्बाइका सरळ बाई, तिला नटवून बोलणं जमत नाही. "मलाही दिसतंय. पण बदली माणूस मिळेपर्यंत थांबशील का?"

"थांबते. पण लवकर बघा."

त्याच सुमारास नैरोबीहून मॅडम अकोथ आल्या. आयसीयूतल्या नर्सांनी कामाचा ताण स्वतःचा स्वतः कसा उतरवायचा, याचं शिबिर. चहा आणि तळलेल्या गोड मंदाझी मिळणार म्हणून सगळे गेले. कटुंगेसोबत ड्युटी करणारा मुथियानी तर दोन मंदाझी तोंडात आणि एक खिशात घालून पुढच्याच रांगेत बसला.

मॅडम अकोथ जाडजूड, हसऱ्या, पायात पिवळ्या चपला. म्हणाल्या, "तुम्ही रजा मागाल, मिळणार नाही. माणसं मागाल, मिळणार नाहीत. ते भांडण चालू ठेवा, मी तुमच्या बाजूने आहे. पण ते सुटेपर्यंत तुमचं शरीर तुमच्याकडे आहे, त्याच्याशी दोन शब्द बोला." मग त्यांनी दाखवलं. बुटातल्या बुटात पायाची बोटं आवळायची आणि सोडायची. खांदे कानापर्यंत न्यायचे आणि पडू द्यायचे. जबड्याची कडी काढायची. श्वास साधा घ्यायचा पण सोडायचा लांब, जितका लांब जमेल तितका, शेवटी थोडं थांबायचं. कानाला बोचणारं काही असेल आणि बंद करता येत असेल तर बंद करायचं. आणि हात धुताना नुसते हात धुवायचे, पाण्याकडे लक्ष ठेवून.

"नळाला पाणी असलं तर!" मुथियानी ओरडला. सगळे खो खो हसले. मॅडमसुद्धा.

कटुंगे हसली नाही. तिने खांदे कानापर्यंत नेले आणि पडू दिले, आणि पडताना तिला कळलं की किती वर्षं ते तिथेच वर टांगलेले होते. तिला एकदम आईची आठवण आली, कारण नसताना. त्या दिवसापासून ती ते करायला लागली. कपडे बदलायच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, घरी पायरीवर बसून. मुथियानी चिडवायचा, "काय सिस्टर, आज बोटं आवळली का? मॅडम विचारत होत्या." ती त्याला चापट मारायची. पण झोप जराशी लागायला लागली होती. आवाज झाला की आधी लांब श्वास सुटायचा, मग पाय उचलायचे. ती खूश होती. म्बाइकालाही म्हणाली, "घाई नाही हं बदलीची."

आणि मग कविन्या आली.

मुगाची काढणी चालू होती. कविन्या आईबरोबर शेतात शेंगा तोडत होती आणि वेलांतून काळा मांबा साप तिच्या पोटरीला डसला. आधी गावातल्या जाणत्याकडे नेलं, त्याने सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या दोरीने पाय करकचून बांधला, पाला लावला. त्यात जो वेळ गेला तो गेलाच. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणली तेव्हा तिच्या पापण्या पडल्या होत्या, लाळ गळत होती, मान धरवत नव्हती. डॉक्टरांनी घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, विषावरचं औषध दिलं. पण आधीच अंगात भिनलेलं विष सावकाशच उतरतं. ते उतरेपर्यंत हिचा श्वास यंत्राने घ्यायचा. एवढं सांभाळलं की पोरगी खडखडीत बरी होते. एवढंच सांभाळायचं असतं!

अशा पेशंटची एक गोष्ट कटुंगेला नीट माहीत होती. अंग दगड झालेलं असतं, पापणीही हलत नाही, पण ऐकू सगळं येतं. लागलं तर कळतं. झोपेचं औषध देतात, पण ते आमच्याकडे जपून जपून. म्हणून कटुंगे तिच्याशी बोलत राहायची. "पोरी, आता तुला कुशीवर करतेय हं." "डोळ्यांत मलम घालतेय, गार लागेल." मुथियानी बाहेरच्या बातम्या सांगायचा, कुणाची बकरी कुणाच्या शेतात शिरली वगैरे. बाकीची कामं कटुंगे वाटून घ्यायची, पण कविन्याची खाट तिने कुणाला दिली नाही.

कविन्याची आई स्योकाऊ काचेबाहेर बसून सिसलची टोपली विणायची. बाई बोलायची कमी. एकदाच म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. लपवू नका. माझी पोर उठेल का?"

नर्सने असं काही कबूल करायचं नसतं. 'बघू या, देवाच्या हातात आहे' म्हणायचं आणि सटकायचं, हे पहिल्या वर्षी शिकतो आपण. कटुंगेच्या तोंडून निघून गेलं, "उठेल. म्वाइतू, ती तुमच्या हातची मका-घेवड्याची मुथोकोई खाईल, आणि मी बघायला उभी असेन." म्वाइतू म्हणजे माझी आई. वयाने बरोबरीच्या बाईला मानाने म्हणतात तसं. स्योकाऊने मान हलवली आणि टोपली पुन्हा हातात घेतली. कटुंगे आत आली आणि मनात म्हणाली, काय बोलून बसले मी हे.

दुपारी, जेवणाच्या वेळेला, वीज गेली.

वीज जाणं काही नवं नाही. सगळे वाट बघतात, जनरेटर खोकतो, धडधडतो, दिवे येतात. त्या दुपारी जनरेटर खोकलासुद्धा नाही. कळलं ते नंतर. अँब्युलन्स चालू होईना म्हणून कुणीतरी शहाण्याने जनरेटरची बॅटरी काढून तिला लावली होती, आणि अँब्युलन्स गेली होती माचाकोसला!

"मी बघतो," म्हणत मुथियानीने आधी एकुलता एक भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर पलीकडच्या म्हाताऱ्याला लावला, मग पळाला. दुसरी नर्स जेवायला गेलेली. डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीत, तेही अर्ध्यावर. व्हेंटिलेटरची आतली बॅटरी जुनी, ती जेमतेम टिकली आणि यंत्राने मान टाकली.

कटुंगेने नळी यंत्रातून सोडवली, हाताने दाबायची रबरी बॅग लावली आणि दाबली. कविन्याची छाती वर आली. सोडली, छाती बसली.

बाहेरून साधं दिसतं हे. दाब, सोड. पण भीतीने हात पळतो. छाती पुरती बसायच्या आत पुढचा दाब पडतो, मग त्याच्या पुढचा, हवा आत कोंडते, आणि माणूस त्यानेही मरतो. कटुंगेने हे नव्या पोरींना शंभरदा सांगितलेलं, आणि आता तिचाच हात पळत होता. मॉनिटर तेवढा बॅटरीवर चालू होता, आणि तो बोंबलत होता. वीज गेली म्हणून बोंबलत होता, यंत्र सुटलं म्हणून बोंबलत होता, सगळ्यासाठी एकाच वेळी. एकटी बाई, एक हात बॅगेवर, एक हात नळीवर, आणि कानात ते किंचाळणं.

तिने काचेकडे पाहून मानेने बोलावलं. "म्वाइतू! आत या! चपला राहू देत, या!"

स्योकाऊ आत आली. भिंतीला चिकटूनच उभी राहिली.

"इकडे या. ही नळी अशी धरा. ओठांपाशी. हलू द्यायची नाही. बस, एवढंच."

"माझा हात खरखरीत आहे, सिस्टर."

"तोच हवाय. धरा!"

आता कटुंगेचा एक हात मोकळा झाला. त्या हाताने तिने मॉनिटरचा आवाज बंद केला.

खोली एकदम शांत झाली. कानाला बोचणारं बंद केलं होतं, मॅडमनी सांगितलं तसं. तिने बुटात बोटं आवळली, सोडली. खांदे वर, आणि पडू दिले. जबड्याची कडी काढली. श्वास घेतला आणि लांब सोडला. हात सावरला. आता तो पळत नव्हता. छाती वर येत होती, पूर्ण बसत होती, मग पुन्हा. बरोबर. अगदी बरोबर! तिला मनापासून बरं वाटलं. मॅडम अकोथ इथे असायला हव्या होत्या, असं वाटलं. मी आयसीयूत एकटी, वीज नाही, यंत्र नाही, आणि मी घाबरलेली नाही.

लांब श्वास सोडायचा. शेवटी थोडं थांबायचं. मग घ्यायचा.

उन्हाने खोली तापली होती. बाहेर आंब्यावर एक होला घुमत होता. तिचे डोळे कधी मिटले तिला कळलं नाही. झोप नव्हती ती, देवाशपथ झोप नव्हती. ती पूर्ण जागी होती आणि आतून सैल झाली होती. कित्येक वर्षांत लागलं नव्हतं इतकं स्वस्थ वाटत होतं. श्वास आत यायचा तेव्हा हात दाबायचा. श्वास लांब, लांब बाहेर जायचा, हात मोकळा. मग थोडं थांबणं. किती छान होतं ते थांबणं. मग आणखी एक.

"सिस्टर," स्योकाऊ म्हणाली.

"हं."

"सिस्टर, तिचे ओठ. सिस्टर! तिचे ओठ बघा!"

कटुंगेने डोळे उघडले. कविन्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. कपाळावर घामाचे थेंब. मॉनिटरवर साठाच्याही खाली गेलेला ऑक्सिजनचा आकडा, लाल, मुकाट्याने लुकलुकत होता. ओरडत असणार तो कधीचा. तिनेच त्याचं तोंड बंद केलं होतं.

तिला एका क्षणात सगळं कळलं. हात तिच्याच श्वासाबरोबर चालला होता. ती जितकी निवांत होत गेली, तितकी हवा कविन्याला कमी मिळत गेली. ती स्वतः त्या थांबण्यात सुखाने थांबत होती, आणि पोरगी त्या थांबण्यात घुसमटत होती. पळून जायला तिचे पायही हलत नव्हते.

"अगं आई गं!" कटुंगे किंचाळली. आता हाताला वाटत होतं भराभर दाबावं, दाबत सुटावं. तेही चूक, हे माहीत होतं. पण स्वतःवर आता तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. पळणारा हातही खोटा आणि शांत हातही खोटा, मग करायचं काय?

"म्वाइतू, तिची छाती बघा. छातीच बघा. वर आली की 'आली' म्हणा. खाली बसली की 'बसली' म्हणा. मोठ्याने. थांबू नका."

स्योकाऊने नळी न सोडता छातीवर नजर लावली. "आली," ती म्हणाली. "बसली."

दाबलं.

"आली. बसली."

कटुंगे आईच्या आवाजावर हात चालवत राहिली. तिचा स्वतःचा श्वास धापा टाकत होता, तो तिने टाकू दिला. खांदे कानाला लागले होते, लागू दिले. जबडा आवळलेला, बोटं आवळलेली, पाठीवरून घाम निथळतोय, काळीज तोंडात आलंय, आणि हात मात्र सरळ चाललेला. "आली. बसली." मोकळ्या हाताने तिने मॉनिटरचा आवाज पुन्हा चालू केला. तो किंचाळायला लागला. किंचाळ, मेल्या, किंचाळ, ती मनात म्हणाली, आता गप्प बसू नकोस.

ओठांचा रंग फिरायला लागला. आकडा चढायला लागला. एकेक घर चढायला तो जीव काढत होता. मुथियानी परत आला तेव्हा त्याला दिसलं ते असं की सिस्टर कटुंगे रडतेय, स्योकाऊ ओरडतेय, मॉनिटर ओरडतोय, आणि कविन्याची छाती तालात वरखाली होतेय.

"द्या इकडे, सिस्टर. मी घेतो. द्या!"

तिने बॅग सोडली नाही. त्याला तिची बोटं सोडवावी लागली. कुणाच्या तरी पिकअपची बॅटरी आणून जनरेटर चालू केला तोपर्यंत दोघं आळीपाळीने दाबत होती, आणि स्योकाऊचा आवाज बसला तरी ती पुटपुटत होती. आली. बसली.

संध्याकाळी कटुंगे म्बाइकापुढे उभी राहिली आणि जे झालं ते सांगितलं. अलार्म मी बंद केला. डोळे मी मिटले. वीज माझी नाही, बॅटरी माझी नाही, पण हे माझं. म्बाइकाने हातातलं ड्युटीचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "पोरीच्या डोक्याला काही झालं असेल का?"

"ती उठेपर्यंत कळणार नाही."

"बदली माणूस मिळालंय. सोमवारपासून तू जाऊ शकतेस."

"ती उठेपर्यंत नाही," कटुंगे म्हणाली. आणि पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला नाही म्हणाली म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं.

मग ते दिवस. ते कसे गेले विचारू नका. कटुंगे खाटेपाशी उभी राहायची आणि त्या मिटलेल्या चेहऱ्याकडे बघायची. आत कुणी आहे का? असली तर पूर्वीचीच आहे का? मेंदूला हवा कमी पडली की माणूस उठतो आणि आईला ओळखत नाही, हे तिने पाहिलं होतं. आणि त्याच्या मागे दुसरी भीती, जी तिने कुणाला सांगितली नाही. आत कविन्या पूर्ण असली तर तिने ते सगळं भोगलंय. झोपेचं औषध चालू होतं, तिला काही कळलं नसेल, असं कटुंगे स्वतःला समजावायची. औषध किती कमी होतं हे तिलाच माहीत, कारण ते तिनेच भरलं होतं. स्योकाऊने मात्र दोष दिला नाही. काचेबाहेर टोपली विणत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी एक पापणी हलली. मग भुवई. मग, मुथियानी गावातल्या बकऱ्यांच्या बातम्या देत असताना, कविन्याच्या हाताचं बोट चादरीवर सरकलं. मुथियानी बातमी अर्धी टाकून ओरडत बाहेर पळाला. मान उचलायला लागली, खोकला यायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी नळी काढली. सगळे श्वास रोखून उभे. कविन्याने खोल, घरघरता, स्वतःचा श्वास घेतला. आईकडे पाहिलं. घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न विचारला, "मूग काढले का कुणी?"

मुथियानी जमिनीवर बसून हसायला लागला. स्योकाऊ अंगावरच्या कापडात तोंड घालून रडली. कटुंगेने खाटेची कड घट्ट धरली. पोरगी आली होती. पूर्ण आली होती, मुगासकट!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेज आणायला गेली होती. कटुंगे चादर सारखी करत होती. कविन्या तिच्याकडे टक लावून बघत होती.

"ज्या बोलायच्या त्या तुम्हीच ना? आवाज ओळखला मी."

"मीच."

"बॅग दाबणाऱ्याही तुम्हीच."

कटुंगेचा हात चादरीवर थांबला. "हो."

"मधेच हवा येईनाशी झाली," कविन्या म्हणाली. बोलताना तिला दम लागत होता, शब्द सुटे सुटे येत होते. "मला ओरडायचं होतं. काहीच हलेना. तुमचा श्वास ऐकू येत होता. लांब लांब सोडत होतात. मला वाटलं, दमली बाई. किती वेळ दाबेल एकटी? मग मी मनात म्हटलं, जाऊ दे. सोड तू. मी काही म्हणणार नाही तुला. त्या बाईचा काही दोष नाही, असं देवालाही सांगून टाकलं."

कटुंगेला हो म्हणता आलं असतं. दमले होते, असं म्हणायचं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, की झालं. कुणाला काही कळलं नसतं.

"दमले नव्हते गं," ती म्हणाली. "मी निवांत झाले होते."

आणि मग तिने सगळं सांगितलं. बोटं, खांदे, बंद केलेला आवाज, मिटलेले डोळे. होला घुमत होता तेही सांगितलं. सांगताना ती रडत होती, नाक पुसत नव्हती. कविन्या ऐकत राहिली. तिचा चेहरा अजून नीट हलत नव्हता, त्यावर काय चाललंय ते दिसेना.

"म्हणजे मी तुम्हाला भलत्याच गोष्टीची माफी दिली की," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मग ती नाही धरायची. ह्याची वेगळी मागा."

कटुंगे खाटेपाशी गुडघ्यावर बसली. तिने माफी मागितली. आमच्याकडे मोठी माणसं लहानासमोर अशी बसत नाहीत. पलीकडचा म्हातारा मान उंचावून बघायला लागला.

कविन्याने छताकडे पाहिलं. एक श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. स्वतःचे श्वास मोजून बघत असावी तशी.

"बघते," ती म्हणाली. "आधी पाणी पाजा."

कटुंगेने पाणी आणलं. चमचा चमचा पाजलं, आणि प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत तिने पोरीच्या गळ्यावरून डोळे हलवले नाहीत.